सासूची साक्ष

“हॅलो?… हां, बोल, मीच. दुसरं कोण उचलणार?… अगं, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय. म्हातारी झालेय मी, बहिरी नाही.”

पहिल्याच घंटेला तिनं फोन उचलला होता. सकाळपासून ती फोनच्या तिपाईला चिकटून बसली होती. मांडीवर कारखान्यातून आलेला शर्ट, सुई अर्ध्या काजात अडकलेली. चाळीस वर्षं ती घरी बसून हातानं काजं करत आली होती. डोळे मिटूनही तिचं काज वाकडं जायचं नाही. पण आज साडेनऊपासून तिची चार काजंसुद्धा धड झाली नव्हती. सून यहुद्यांच्या धर्मन्यायालयात, रब्बी म्हणजे धर्मगुरूंपुढे, गेली होती. येईल ती मोकळी होऊनच येईल, असं दोघींनी धरलं होतं.

“कुठून बोलतेयस?… कारकुनाच्या टेबलावरून? दिला त्यानं?… अच्छा, चहाला गेलाय. मग पटकन बोल. झालं का?… ते नंतर, आधी झालं का ते सांग… नाही? नाही म्हणजे काय?… अगं, अशी रडत बोलू नकोस, मला एक अक्षर कळत नाहीये. नाक पूस आधी. पर्समध्ये रुमाल आहे, मी ठेवलाय सकाळी… त्या कप्प्यात नाही, आतल्या… हं. आता सांग.”

“हं… हं… कोण म्हणालं, थोरले रब्बी?… माझी साक्ष? चालत नाही? का, मी काय वेडी आहे?… सासू आहे म्हणून? थांब, थांब. परत सांग. पोराला जन्म दिला मी. गेला तेव्हा… तेव्हाही मीच होते. आणि साक्ष माझीच चालत नाही?”

समोरच्या खुर्चीतली शेजारीण पुढे सरकली. ही शेजारीण सुईण होती. वस्तीतल्या यहुदी घरांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जगात आली होती, आणि त्यामुळे प्रत्येक घरातल्या बातमीवर आपला हक्क आहे असं तिचं ठाम मत होतं.

“मागे सर जरा!… तुला नाही ग म्हटलं, सुईणीला. समोर ठाण मांडून बसलीय दहा वाजल्यापासून… हो, बातमी ऐकल्याशिवाय उठतेय होय ती! बरं, पुढे. काय लिहिलंय म्हणालीस?… पाच जणी? पाच जणींची साक्ष चालत नाही. कोण कोण?… सासू. हं. नणंद. सवत. जाऊ… आणि सावत्र मुलगी. वा! ज्यानं कोणी ही यादी केली, त्याच्या घरात ह्या पाचही जणी एका चुलीवर असणार बघ… हसलीस ना? हस. रडण्यापेक्षा बरं.”

“आणि बाकी कुणाचीही चालते?… एकट्या बाईचीही?… मोलकरणीची चालते. नुसतं कुणाकडून ऐकलंय म्हणाली तरी चालतं. फक्त सासूची नाही. कारण काय पण?… सासू सुनेचा दुस्वास करते. तिला खड्ड्यात घालायला म्हणून खोटं बोलेल. असं चक्क लिहिलंय?… किती जुन्या पुस्तकात?… मग बरोबर आहे. तेव्हाही सासवा होत्याच.”

तिनं विनोद केला खरा, पण शर्टाची कड तिच्या मुठीत चुरगळली होती.

“हे बघ, तू आत जा आणि सांग त्यांना. सांग की दहा वर्षं आम्ही एका छताखाली काढली. पहिली दोन भांडण्यात गेली, नाही कशाला म्हणू? तू पातेलं करपवलंस म्हणून मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते… चार? बरं, चार. मोजलेस तू, भवाने!… पण पुढचं? तुझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा तुझे केस कुणी धुतले? तापात मी बडबडत होते तेव्हा माझ्या उशाशी कोण बसलं होतं?… ते सांग ना रब्बींना… नको?… हं. खरंय. केस धुतल्याचं काय त्या पुस्तकात.”

ही सून तिनं स्वतः पसंत केली नव्हती. मुलानं केली होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एकुलता एक, देखणा, बोलण्यात गोड, आणि आईनं डोक्यावर चढवून ठेवलेला. लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा बंदराच्या गावी मोठं काम मिळालंय म्हणून गेला. आधी आठवड्याला पत्र यायचं, मग महिन्याला, मग येईनासंच झालं. सून वाट पाहत राहिली. ती दुसरं काय करणार? यहुदी बाईचं लग्न सुटायला वाटा दोनच. नवऱ्यानं आपखुशीनं सोडचिठ्ठी लिहून तिच्या हातात ठेवायची, नाहीतर त्यानं मरायचं. ती आपली आपण सुटू शकत नाही. नवरा नुसता नाहीसा झाला, तर ती बाई आयुष्यभर अडकून राहते.

दोन वर्षं वाट पाहून झाल्यावर सासू एकटीच बंदराच्या गावी गेली. पाच दिवसांनी परतली ती उंबऱ्यातच बसली. म्हणाली, साथीच्या तापात गेला. सरकारी दवाखान्यात. मी पोचले तेव्हा शेवटचे श्वास चालले होते. साथीतल्या सगळ्यांबरोबर नगरपालिकेनंच पुरलं. त्याच महिन्यात तिकडची नदी चढली नि दवाखान्याची सगळी दप्तरं वाहून गेली, त्यामुळे कागद असा कुठला नव्हताच. दोघींनी सुतकाच्या रिवाजाप्रमाणे कपड्यांचा गळा फाडला, सात दिवस जमिनीवर बसल्या. दर वर्षी त्या तारखेला दिवा लावत आल्या. ह्याला सहा वर्षं झाली. ह्या वर्षी सुनेला एक माणूस भेटला. पुस्तकं बांधणारा, विधुर, बोटांना कायम डिंक लागलेला. लग्न करायचं तर सून खरोखर विधवा आहे हे धर्मन्यायालयाला पटायला हवं होतं. म्हणून आजची ही खेप.

“दुसरं कोण होतं तिथं?… कुठं, दवाखान्यात? अगं, सहा वर्षं झाली त्याला. साथीत कोण कुणाला नाव विचारतं?… आया? कुठली आया?… मी सांगितलं होतं?… मला कपात चहा दिला, हिरव्या पडद्याजवळ… हो. हो, बरोबर. हिरवाच होता… एका डोळ्यात फूल पडलेली. हो ना. तुला बरं सगळं पाठ!”

सुनेला ते खरंच पाठ होतं. सात दिवस जमिनीवर बसल्या होत्या तेव्हा तिनं खोदून खोदून विचारलं होतं. काय पांघरलं होतं, खिडकी कुठल्या बाजूला होती, शेवटी काय म्हणाला. सासू उत्तर देत गेली होती. ती उत्तरं सुनेनं जपून ठेवली, आणि आज फोनवरून एक एक करून परत करत होती.

“नाव नाही माहीत, बाळ… खरंच नाही. कुठं शोधायची आता तिला?… कधीपर्यंत?… आज? एक वाजेपर्यंत? आणि नाही मिळालं तर?… पुढची बैठक तीन महिन्यांनी. अगं, पण तुमचा लग्नाचा हॉल ठरलाय ना… हो, तेच म्हणतेय मी… रब्बी काय म्हणतात पण?… हं. त्यांनाही तुला मोकळं करायचंय. चांगला माणूस आहे. एक बाई द्या म्हणतात, कुणीही. नाव द्या, ते माणूस पाठवून विचारून घेतील… कळलं. कळलं ग.”

सुईण केव्हाच खुर्चीतून उठली होती. फोनजवळ येऊन तिनं आपल्या छातीवर बोट टेकवलं आणि ओठ हलवले. मी सांगते.

म्हातारीनं मान हलवली. सुईणीनं डोळे वटारले नि पुन्हा छातीवर बोट ठेवलं.

तसं पाहिलं तर किती सोपं होतं. सुईणीचा शब्द थोरल्या रब्बींनी आजवर कधी खाली पडू दिला नव्हता. तिनं एवढंच म्हणायचं होतं, की मीही त्या वेळी तिकडे होते, मला तिथल्या आयेनं सांगितलं. एका खऱ्या मरणाला एक खोटा साक्षीदार, एवढंच पाप आपण करतोय असं सुईणीला वाटत होतं, आणि मैत्रिणीसाठी तेवढं करायला ती एका पायावर तयार होती. मरणच खरं नव्हतं, हे त्या खोलीत एकटी म्हातारी जाणत होती.

“थांब… एक जण आहे… हो, बाईच. सांगते ना, घाई करू नकोस. कागद घे समोर. पेन्सिल आहे?… त्याच्या खणात बघ… कोण? बाइंडर आलाय? केव्हा?… जिन्यात उभाय? त्याला म्हणावं बस कुठंतरी. तुझा डिंकवाला असा तासन् तास उभा राहिला तर जिन्यालाच चिकटेल… काय म्हणतो?… मुलगा झाला तर… काय? परत सांग.”

“माझ्या मुलाचं नाव?… ठेवायचं म्हणतो? त्याच्या मुलाला? स्वतःहून म्हणाला?… नाही… नाही ग, मला कशाला वाईट वाटेल. कुठला पुरुष म्हणतो असं… नाही, रडत नाहीये. घसा बसलाय. थांब, पाणी पिते.”

सुईणीनं पेला पुढे केला. तिनं एक घोट घेतला नि पेला तिपाईवर ठेवला.

“हं, बोल. आणखी काय म्हणाले रब्बी?… कसला इशारा?… तुझ्याकडूनच मोठ्यानं वदवून घेतला? काय वदवलं?… नवरा जिवंत परत आला, तर हिनं दोघांनाही सोडायचं. पहिल्यालाही आणि दुसऱ्यालाही… हं. आणि मुलं… मुलांना डाग. त्यांच्या मुलांनाही. कुणी त्यांच्याशी लग्न… हो. दहा पिढ्या. माहीत आहे मला, लहानपणापासून ऐकत आलेय… तू हसलीस? रब्बींच्या तोंडावर? काय म्हणालीस?… मेलेला माणूस परत येत असता, तर आम्ही घरात सहा दिवे कशाला लावले असते…”

तो नियम तिला पाठ होता. पण नियम पुस्तकात असतो तेव्हा वेगळा असतो. सून तो हसत हसत सांगत होती, जिन्यात एक भला माणूस उभा होता, आणि अजून न जन्मलेल्या पोराला नाव ठरलं होतं. सहा वर्षं तिनं स्वतःला बजावलं होतं, की तो कधी येणार नाही, कुणाला कधी कळणार नाही. पण अलीकडे तो घरची आठवण काढायला लागला होता.

“आहे, आहे. फोनवरच आहे… नाव ना. हो… जरा थांब.”

तिनं रिसीव्हर छातीशी दाबला.

“तू घरी जा ग,” ती सुईणीला म्हणाली. “जा म्हणते ना. नाही, तुझं नाव नाही देत मी. का ते विचारू नकोस. दार ओढून घे.”

तीस वर्षांत सुईणीला ह्या घरातून कुणी जा म्हटलं नव्हतं. ती चपला पायात न घालता हातात घेऊनच गेली.

“हॅलो… हं. ऐक. बसली आहेस का?… बस. कारकुनाच्या खुर्चीत बस. बाइंडर ऐकतोय?… नाही ना, बरं. हे बघ, कागदावर काही लिहिलं असशील तर खोड. नाव नाही… कुणीच बाई नाही. आया नव्हती… हिरवा पडदाही नव्हता. अगं, ऐक ना! मध्ये बोलू नकोस, एकदा थांबले तर मला परत बोलता येणार नाही. मी दवाखान्यात गेलेच नव्हते. तो नाही मेला.”

“जिवंत आहे.”

“हॅलो?… आहेस ना?… अगं, नुसतं हं म्हण.”

पलीकडे कुठंतरी एक जुना पंखा कटकट करत फिरत होता. तेवढाच आवाज येत राहिला. म्हातारी केव्हाच उठली होती; त्या पंख्याला ऐकत ती उभी राहिली. स्टूल मागे होतं, पण बसायचं तिच्या लक्षात आलं नाही.

“हो… हो, आत्ता, ह्या मिनिटालाही. मी भेटले त्याला. सायकलच्या दुकानावर माडीवर राहतो. दार एका बाईनं उघडलं, कडेवर पोर होतं… हो, त्याचंच… आता दोन आहेत. मुली… मी त्याला घेऊन यायला नव्हते ग गेले, सोडचिठ्ठी आणायला गेले होते. तुला म्हटलं नाही, उगाच आशा नको म्हणून. पाया पडले त्याच्या. आई असून. म्हटलं, तुला यायचं नाही ना, नको येऊस, पण तिला मोकळं कर. एका कागदाचा प्रश्न आहे. स्वतः येऊन दे, नाहीतर माणसाकरवी धाड… नाही म्हणाला.”

“का म्हणजे? तिथं त्यानं बिनलग्नाचा म्हणून सांगितलंय. सोडचिठ्ठी द्यायची तर आधी बायको होती हे कबूल करावं लागणार. त्या बाईला कळणार, तिच्या भावांना कळणार… एवढंच. हो, एवढ्यासाठी… मला सोडायला जिन्याखाली आला आणि म्हणाला, मेलो म्हणून सांग. अगदी सहज. दूध संपलं म्हणून सांगावं तसं.”

“परतीच्या गाडीत सबंध रस्ताभर तेच डोक्यात. तो जिवंत आहे म्हणून सांगितलं असतं, तर तू वाट बघत बसली असतीस… बसली असतीस, मला नको शिकवूस. केस पिकेपर्यंत. विधवेला निदान एक दार असतं ग. मला वाटलं, तेवढं दार मी हिला करून देते… हो, खोटं. खोटंच. तेव्हा ते मला फार मोठं पुण्य वाटलं होतं.”

“द्वेषानं? नाही. देवाशपथ नाही! आता तूही त्यांच्या पुस्तकासारखं बोलणार का?… बोल. बोल, मी ऐकतेय… हो… हो, सहाही दिवे मी लावले. माझ्या हातानं. पोटच्या पोरासाठी, तो चांगला खातपीत असताना. तुला काय वाटतं, काडी ओढताना मला काहीच वाटत नव्हतं? तू म्हणायचीस, आई, द्या इकडे, मी लावते. मी म्हणायचे, नको. ते पाप तरी तुझ्या हातून कशाला.”

तिकडून बराच वेळ बोलणं चाललं. म्हातारी मध्ये मध्ये नुसतं हं म्हणत राहिली. तिची मान हळूहळू खाली गेली, समोर कुणी बसून बोलत असावं तशी. लग्न होऊन आली तेव्हा ही पोर तोंडातून शब्द काढायची नाही. भांडणसुद्धा भांडी आपटून करायची. दहा वर्षांत तिनं सासूला एकदाही अगंतुगं केलं नव्हतं. आज पहिल्यांदा केलं. म्हातारीनं ते ऐकून घेतलं.

“झालं?… अजून असेल तर बोल… हं. आता एक राहिलंय, तेही सांगून टाकते. तो चुकीचा नंबर आठवतो तुला? एकदा तू उचललास आणि म्हणालीस, कुणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतोय… हो. तोच… वर्षातून एकदा करायचा, तू कामावर असताना. त्या दिवशी तू लवकर आलीस… ह्याच फोनवर. हो… काय बोलणार? माझे गुडघे. थोरलीचे दात पडले, धाकटी चालायला लागली. असंच. मागच्या खेपेला म्हणाला, एकदा येऊन जावंसं वाटतंय. तेव्हापासून मला झोप नाही.”

“काय?… नाही. त्याच्या मुलींना डाग नाही… हो, विचारलंय मी, दुसऱ्याचं म्हणून. पुरुषानं बाहेर घर केलं तरी त्याची पोरं स्वच्छ. बाईनं केलं तर डाग, आणि तोही तिच्या पोटच्यांना… मला काय विचारतेस? मी लिहिलंय का ते? त्या पाच जणींना विचारून लिहिलं असतं, तर वेगळं लिहिलं असतं.”

“कोण आलं?… कारकून? त्याला म्हणावं पाच मिनिटं. म्हणावं, घरात प्रेत आहे… काहीही म्हण. आणि आता तो कागद घे. लिही… नाही, त्याला देऊ नकोस, तूच लिही. मी सांगते, तू लिही. बंदराचं गाव. धक्क्याकडून वर येणारा रस्ता. सायकलचं दुकान, लाल पाटी. दुकानाच्या मागून लोखंडी जिना आहे, पुढून दिसत नाही. लिहिलंस?… दिवसा घरी नसतो. धान्याच्या गोदामात मालाची लिफ्ट आहे, तिथं असतो. सहानंतर घरी… आडनाव बदललंय. हो. थांब, तेही सांगते.”

तिनं सांगितलं. सांगताना आवाज बदलला नाही. कारखान्याच्या माणसाला शर्टांचा हिशेब देताना ती अशीच बोलायची, एकेक शब्द सुटा करून.

“आता वाच परत… हं… हं… मागून जिना, ते वाचलंस?… बरोबर. हे रब्बींना दे. ते तिकडच्या रब्बींना लिहितील, त्याला बोलावणं जाईल… देईल का? ठाऊक नाही, बाळ. जोरजबरदस्तीनं घेतलेली चालत नाही, त्यानं आपणहून द्यायला हवी. त्या बाईला आता कळेलच. मग लपवायला काही उरलं नाही म्हणून देईल कदाचित. नाहीतर चिडून जन्मात देणार नाही. मी खात्री नाही देऊ शकत. एकदा देऊन बसलेय.”

“मला? मला काय होणार? त्यानं तेव्हाच सांगितलंय, पत्ता बाहेर गेला तर मला आई नाही… असू दे. लिहिलाय ना आता.”

“बाइंडरला तूच सांग. आत्ताच सांग, जिन्यातच. घरापर्यंत आणू नकोस ते… थांबेल? मला वाटतं थांबेल. पण त्याला तरी किती थांब म्हणायचं… हो ग, चौतिसावं लागलंय तुला, मला माहीत नाही का? मी मोजत नाही होय तुझी वर्षं?”

“आज घरी…? बरं… बरं. मैत्रिणीकडे राहा. हो, तेच बरं… उद्याचंही नंतर बघू. तुझा जाड स्वेटर हवा असेल तर सुईणीजवळ देऊन ठेवते… नको. बरं.”

तिला वाटलं, आता ठेवेल. पण सून फोन ठेवत नव्हती. पंखा कटकटत होता. कारकून खाकरला, तेही ऐकू आलं. मग सुनेनं काहीतरी विचारलं, इतकं हळू, की म्हातारीनं रिसीव्हर कानावर दाबला.

“काय?… मोठ्यानं बोल ना जरा… तुझी?… म्हणजे फोनवर?”

सुनेला विचारायचं होतं, की इतक्या वर्षांत त्यानं माझी कधी चौकशी केली का.

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. दर खेपेला विचारतो ग. कशी आहे म्हणतो. गप्प होतो मग. सहा वर्षांत ती असली वाक्यं किती सहज जुळवायला शिकली होती. एक आणखी, शेवटचं, कुणाचंही काही न बिघडवणारं. पोरगी ते घरी नेईल, नाहीतर मैत्रिणीकडे नेईल, आणि उशाशी ठेवून झोपेल. तिनं भिंतीला हात टेकवला.

“नाही.”

“नाही, बाळ. एकदाही नाही.”

तिकडे खुर्ची मागे सरकली. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा ठक असा आवाज आला. ठेवायच्या जागी न ठेवता नुसताच बाजूला ठेवला असावा, कारण लाइन चालूच राहिली. पावलं गेली. एक जड दार उघडलं, आतून पुरुषांच्या बोलण्याचा आवाज आला, दार लागलं, आवाज थांबला. म्हातारी ती रिकामी खोली ऐकत उभी राहिली. आपण ठेवावा की नाही तिला कळेना. आत काय चाललं असेल ह्याचा ती अंदाज घेऊ पाहत होती. तो कागद कुणाच्या हातात असेल, कोण मोठ्यानं वाचत असेल.

बऱ्याच वेळानं कुणीतरी फोन उचलला. आवाज पुरुषाचा होता.

“हॅलो?… हो, आहे मी… ती आत्ता आत गेली ना, तिची सासू बोलतेय… कारकूनसाहेब का? हो हो… हो, तेच प्रकरण… काय लिहायचंय?… नवरा, मयत…”

“नाही. मयत नका लिहू… चूक नाही हो झाली. मी सांगते ना… आहे तो.”

तिनं आणखी एकदा, जरा स्पष्ट, “आहे,” म्हटलं आणि फोन ठेवला.